रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि जन्मभूमीचा अभंग

आपल्या मंडळ्यांतील गीतपुस्तक उघडले म्हणजे ना. वा. टिळक हे नाव पानोपानी दृष्टीस पडते. 'उपासना संगीत' ह्या पुस्तकात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. ज्यांस अक्षरओळख नाही अशा कित्येक वृद्ध भगिनींस त्यांची पाच-दहा पदे मुखोद्गत असतात, आणि पुस्तक हाती नसले तरी त्यांचे काही अडत नाही. परंतु पद पाठ असणे निराळे आणि पदकर्त्याची ओळख असणे निराळे. खेड्यांतील बंधुभगिनींपैकी पुष्कळांस ते कवी होते एवढेच ठाऊक असते. कित्येक तर त्यांस लोकमान्य टिळकच समजतात! लोकमान्य निराळे. दोघेही कोकणचे चित्पावन ब्राह्मण आणि एकाच काळातील, इतकेच साम्य. म्हणून ह्या लेखात रेव्हरंड टिळकांचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे आहे. परंतु ते सांगताना एक प्रश्न डोळ्यांपुढे ठेवावयाचा आहे. जो मनुष्य धर्म बदलतो तो आपली जन्मभूमीही सोडतो की काय? हा प्रश्न टिळकांस त्यांच्या आयुष्यात लोकांनी नाना रीतींनी विचारला. त्याचे उत्तर त्यांनी व्याख्यानांत दिले, लेखांत दिले. पण सर्वांत अधिक त्यांनी ते छंदात, यमकात आणि पुन्हा पुन्हा मारलेल्या हाकेत दिले.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक, आणि पदे व स्तोत्रे आवडीने म्हणणारी. मुलाचा कान आईपाशी तयार झाला असे म्हणावयास हरकत नाही. ही आई लहानपणीच गेली आणि नारायणाचे घर तेथेच संपले. पुढे नाशकास गणेशशास्त्री लेले ह्या विद्वान शास्त्र्यांजवळ त्यांनी संस्कृत काव्यांचा अभ्यास केला. लघु-गुरू, गण, यती ह्या गोष्टी तेथे त्यांच्या हाडीमाशी खिळल्या. पुढे ते साधे अभंग लिहू लागले तेव्हा त्यांस दुसरे काही येत नव्हते म्हणून लिहिले, असे कोणी समजू नये.

१८८० साली नाशकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. विवाहाच्या वेळी त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. पतीचा पाय एका जागी ठरत नसे. कोठे शिक्षकाची नोकरी करावी, कोठे कीर्तन करावे, कोठे व्याख्यान द्यावे, आणि मनात आले की कोणास न सांगता उठून चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. हातात पैसा आला की गरजवंतास द्यावा आणि घरी रिकाम्या हाताने यावे. लक्ष्मीबाईंनी हे सर्व आपल्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात इतके खुमासदार लिहून ठेविले आहे की, येथे त्याची पुनरुक्ती करण्यापेक्षा ज्यास वाचता येते त्याने तो ग्रंथच वाचावा आणि ज्यास येत नाही त्याने कोणाकडून वाचवून घ्यावा. असो.

नागपुरास टिळकांस श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. तेथे ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत, व 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. ह्या वेळी त्यांच्या मनात देशाचा विचार रात्रंदिवस घोळत होता. जातिभेदाने आणि रूढीने जखडलेला हा देश उठून उभा कसा राहील, आणि त्यास एक करणारा धर्म कोणता, ह्याचा ते शोध करीत होते. म्हणजे देशभक्ती ही टिळकांच्या ठायी ख्रिस्ती होण्यापूर्वीपासून होती. इतकेच नव्हे, तर त्या वाटेनेच ते पुढच्या वळणावर आले. १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत त्यांस एक गोरे गृहस्थ भेटले. दोघांचे कवितेविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले. त्या गृहस्थांनी त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे सांगून ते आपल्या वाटेने गेले. टिळकांनी वचन दिले होते म्हणून पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांच्याने ते खाली ठेववेना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी कोणा मिशनरी साहेबाच्या हातून घेतला नाही. रेव्हरंड तुकारामजी नथोजी ह्या देशी पाळकांच्या हातून घेतला. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यात पुढच्या सर्व आयुष्याचे बीज आहे. प्रभूचा स्वीकार करावयाचा तो आपल्या देशाच्या माणसाच्या हातून, आपल्या देशाच्या भाषेत, हा त्यांचा आग्रह होता.

मग ते नगरास आले. ह्या जिल्ह्यास आज अहिल्यानगर म्हणतात. तेव्हा अहमदनगर म्हणत, व आपली जुनी माणसे अजूनही नगरच म्हणतात. येथील सेमिनरीत त्यांनी शिकविले, १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि आयुष्यातील सुमारे वीस वर्षे त्यांनी ह्या जिल्ह्यात घालविली. आरंभीची चार-साडेचार वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. पती जिवंत असून नसल्यासारखा, अशा स्थितीत त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, काही काळ पंढरपुरास राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. शेवटी त्या आल्या, प्रथम आपले सोवळे सांभाळून निराळ्या राहिल्या, आणि पुढे १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता छंदाकडे वळू. टिळक नगरास आले तेव्हा आपल्या उपासनेत काय गात असत? पुष्कळ गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती, आणि ती इंग्रजी चालींवर बसविलेली होती. ज्यांनी ती केली त्यांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्याजवळ जे होते ते त्यांनी दिले. परंतु इंग्रजी पद्य चालते आघातावर, आणि मराठी पद्य चालते अक्षरांच्या संख्येवर किंवा ऱ्हस्व-दीर्घावर. इंग्रजांच्या देशात आयझॅक वॉट्स नावाच्या पाळकाने स्तोत्रांची जी गीते केली त्यांतील बहुत एका ओळीत आठ व पुढच्या ओळीत सहा अक्षरे अशा सोप्या मापात आहेत, आणि ते माप त्यांच्या खेड्यांतील लोकांच्या ओळखीचे होते. ते तेथे योग्यच होते. परंतु तीच चाल मराठी शब्दांवर घातली म्हणजे चालीचा लांब सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येऊन पडतो. मग 'दिन' हा शब्द 'दीन' होतो आणि 'सुत' म्हणजे पुत्र हा शब्द 'सूत' म्हणजे दोरा होतो. शहरातील शिकलेला मनुष्य ते मनात दुरुस्त करून घेतो. खेड्यातील मनुष्य मात्र जे ऐकतो तेच समजतो, आणि न समजले तर गप्प बसतो. शेजारच्या वस्तीतून येणारा ऐकणारा तर म्हणतो की, ही साहेबाची गाणी आहेत. म्हणजे जो आरोप आपल्यावर तोंडाने होत असे त्यास आपली चालच पुरावा देत असे!

ह्यावर उपाय शोधणारे टिळक पहिले नव्हत. गोव्यात फादर स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परका मनुष्य ज्ञानेश्वरीच्या छंदात प्रभूचे चरित्र लिहितो, ही केवढी गोष्ट! आणि आमच्या नगरातच कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या पूर्वी ख्रिस्ती कीर्तनाची वहिवाट पाडिली होती. परंतु टिळकांनी जे केले त्याचा विस्तार फार मोठा. त्यांनी अभंग, ओवी, पद, आर्या, श्लोक ह्या सर्व प्रकारांत रचना केली, आणि कोणता विषय कोणत्या छंदात घालावा ह्याचा विचार केला.

त्यांच्या निवडीचे एक उदाहरण पाहा. शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीवरील त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळांतून पुष्कळांनी पाठ केली आहे. ती पृथ्वी ह्या वृत्तात आहे. पृथ्वीच्या एका चरणात सतरा अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर ऱ्हस्व असावे की दीर्घ हे आधीच ठरलेले. त्यात तीन तीन ऱ्हस्व अक्षरे एकापाठोपाठ धावतात आणि मग दीर्घ अक्षरावर येऊन थबकतात. पक्षी फडफडतो, पडतो, पुन्हा उठतो, ही क्रिया त्या चालण्यातच ऐकू येते. हे वृत्त वापरण्यास शास्त्र्याजवळ बसून शिकलेला कान पाहिजे, आणि तो टिळकांस होता. परंतु मंडळीने एकत्र म्हणावयाचे असेल, शेतात काम करताना म्हणावयाचे असेल, तेथे त्यांनी पृथ्वी ठेविली नाही; तेथे अभंग घेतला.

अभंगाची रचना उपदेशक बंधूंनी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती सर्वांस साधण्यासारखी आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. धाकट्या अभंगात आठ आठ अक्षरांचे दोन चरण आणि त्यांच्या शेवटी यमक. ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन नाही. त्यामुळे घरात, बाजारात, बांधावर आपण जसे बोलतो ते बोलणेच थोडे आवरून धरले की त्याचा अभंग होतो. मोठ्या अभंगातील तो शेवटचा चार अक्षरांचा तुकडा फार मोलाचा. तीन चरण चालून आलेला विचार तेथे आखूड होतो, खाली बसतो, आणि ऐकणाऱ्यास श्वास घ्यावयास जागा मिळते. यमकाचे कामही केवळ कानाचे लाड करणे हे नव्हे. ज्यास लिहिता येत नाही त्याची वही म्हणजे यमक. दुसरा चरण आठवला की तिसरा त्याच्या शेवटाला धरून आपोआप वर येतो. आणि पदातील ध्रुपद ही तर मंडळीची जागा. पुढे गाणारा एक. त्यास कडवी पाठ असतात. मागे म्हणणारे पन्नास. त्यांस ध्रुपद पुरते. आज पहिल्यानेच आलेला मनुष्यही दुसऱ्या कडव्यानंतर ध्रुपदात सामील होतो, आणि घरी जाताना तेवढे घेऊन जातो.

पुनरुक्ती हा दोष आहे असे शाळेत शिकवितात. निबंधात तो दोष असेल. स्तोत्रसंहितेतील १३६ वे स्तोत्र काढून पाहावे. त्यात २६ वचने आहेत, आणि प्रत्येक वचनाच्या उत्तरार्धी देवाच्या दयेविषयीचे तेच एक वाक्य आहे. पूर्वार्ध मात्र दर वेळी नवा: कधी आकाश, कधी समुद्र, कधी राजे, कधी रोजचे अन्न. तेच वाक्य परत येते तेव्हा ते पहिल्याहून जड होऊन येते. ह्याच्या पुढचेच १३७ वे स्तोत्र हे जन्मभूमीचे गीत आहे. परदेशी नदीकाठी बसलेले बंदिवान आपल्या नगरीची आठवण काढतात, आणि तिचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारतात. इब्री काव्यात आपल्यासारखे यमक नाही. तेथे विचारच दोनदा, निराळ्या शब्दांत, म्हटला जातो. तेव्हा देशाच्या गीतात नावाची पुनरुक्ती ही काही अलीकडच्या कवींनी काढलेली युक्ती नव्हे. आमच्याकडे टिळकांच्या अखेरच्या काळात गोविंदाग्रजांनी जे महाराष्ट्रगीत लिहिले त्यातही देशास मारलेली हाक किती वेळा येते ते मोजून पाहावे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. ते आणि टिळक एकाच वर्षी, १९१९ साली, निवर्तले.

आता टिळकांच्या त्या अभंगाविषयी, ज्याच्यासाठी हे सर्व सांगितले. त्यांनी जन्मभूमीवर अनेक कविता केल्या. त्यांतील हा एक लहानसा अभंग रेव्हरंड विन्स्लो यांनी इंग्रजीत नेला, आणि विलायतेतही तो पुष्कळांनी वाचला. त्याचा भाव असा. आरंभीच कवी मातृभूमीस हाक मारतो आणि ऋषी व संत जिच्या पोटी आले त्या तिच्या कुशीस धन्य म्हणतो. मग स्वतःविषयी सांगतो. आपण ख्रिस्ती, तरी येथे कोणी आपणास टोचून बोलत नाही. आपण भेटतो, आलिंगन देतो, आणि आपल्या स्पर्शाने विटाळ झाला असे कोणी म्हणत नाही. आपल्या सद्गुरूस हे लोक मान देतात व आपणास भाऊ म्हणतात. ही पोकळ बडबड नव्हे, असेही तो बजावतो. आणि शेवटी, जुन्या संतांच्या रीतीप्रमाणे आपली 'दास' ही मुद्रा घालून, तो पुन्हा आईला हाक मारतो आणि मुलांच्या औदार्यावरून आईचे औदार्य कळते असे म्हणून थांबतो.

ह्या अभंगात हाक दोनदा आहे, आरंभी आणि अंती. मधले सर्व त्या दोन हाकांच्या मध्ये, जसे काही आईच्या दोन हातांमध्ये, सांगितले आहे. पहिल्या वेळी ती ऋषींची आई असते; शेवटच्या वेळी ती ह्या ख्रिस्ती दासाची आई झालेली असते. तेवढा प्रवास थोड्याशा चरणांत होतो. आणि 'दास म्हणे' ही मुद्रा ऐकताच मराठी मनुष्याच्या कानात तुका, नामा, जनी ह्या साऱ्यांच्या मुद्रा घुमू लागतात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत असत. तो पूल त्यांनी पाठीमागे मोडून टाकिला नाही.

परंतु हा अभंग वाचताना एक शंका मनात येते, आणि ती बोलून दाखविली पाहिजे. टिळकांस कोणी टोचून बोलले नाही, हे खरे काय? त्यांच्याच घरचे माणूस साडेचार वर्षे त्यांच्यापासून दूर राहिले. जातीने त्यांस टाकले, आप्तांनी त्यांच्या नावाने आसवे गाळली. मग हा अभंग खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. आई-मुलांत काही झाले तर शहाणा मुलगा परक्यांपुढे आईने दिलेला मार सांगत नाही; दिलेला घास सांगतो. विलायतेतील लोकांच्या मनात हिंदुस्थानाविषयी जे समज होते ते टिळकांस ठाऊक होते. शिवाय काळही बदलत होता. १९०७ साली जळगावास कवींचे संमेलन भरले. त्यात ह्या ख्रिस्ती पाळकाचा मान मोठा होता. तेथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या पोरसवदा कवीचे सर्वांस कौतुक वाटून त्यास 'बालकवी' ही पदवी मिळाली; आणि ह्या हिंदू ब्राह्मण मुलास टिळकांनी नगरास आपल्या घरी नेऊन मुलासारखे ठेविले. तो त्यांच्या घरी राहून ख्रिस्ती झाला नाही, आणि टिळकांनी त्यावर रुसवाही धरला नाही. अशा माणसास लोक भाऊ म्हणू लागले ह्यात नवल काय?

ह्याहून कठीण शंका आपल्या खेड्यांतील मंडळ्यांची आहे. टिळक जन्माने ब्राह्मण. विटाळ म्हणून कोणी दूर सरणे हा त्यांच्या आयुष्यात नवा अनुभव होता आणि पुढे तो सरलाही. परंतु नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुतेक कुटुंबे अशा समाजांतून आली की, ज्यांस तेव्हा लोक अस्पृश्य म्हणत. ख्रिस्ती होण्यापूर्वी त्यांस गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आणि ख्रिस्ती झाल्यावरही कित्येक वर्षे नव्हते. त्यांनी हा अभंग कोणत्या तोंडाने म्हणावा? आपल्या स्पर्शाने कोणी विटाळत नाही, असे वेशीबाहेर राहणाऱ्या मनुष्याने जन्मभूमीस कसे सांगावे?

ह्या शंकेस अभंगाच्या शब्दांत उत्तर मिळत नाही, असे मला स्पष्ट वाटते. टिळकांनी जे पाहिले ते लिहिले. आमच्या आजोबा-पणजोबांनी जे सोसले ते त्यात नाही. पण त्यांनी निवडलेल्या छंदात काही आहे. ज्या अभंगात त्यांनी हे लिहिले तोच अभंग सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मंगळवेढ्याच्या चोखोबांनी हाती घेतला होता. चोखोबांस पांडुरंगाच्या देवळात शिरू दिले नाही; त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे. परंतु अभंगात शिरण्यास त्यांस कोणी अडवू शकले नाही. नामदेव शिंपी, जनाबाई दासी, तुकोबा कुणबी, चोखोबा महार, ह्या सर्वांची सहा-सहा-सहा-चार ही मापे एकच आहेत. ह्या देशात देऊळ, विहीर, शेत आणि शाळा ह्यांचे वाटे पाडलेले होते. छंदाचा वाटा पाडणे कोणास साधले नाही. टिळक अभंगाकडे वळले आणि त्यांनी तो आमच्या उपासनेत आणिला, तेव्हा आमच्या लोकांस परकी वस्तू मिळाली नाही. त्यांच्याच वाडवडिलांच्या माणसाने वापरलेली वस्तू त्यांस परत मिळाली. साहेबी चालीवरील गीत म्हणताना जी म्हातारी मागच्या बाकावर गप्प बसे ती अभंगास टाळ धरू लागली, ह्याचे कारण मला ह्यात दिसते.

मिशनरी मंडळींशी टिळकांचे संबंध स्नेहाचे होते. सेमिनरीचे चालक डॉक्टर ह्यूम हे त्यांचे मोठे स्नेही. तरीही मिशनरी बंधूंनी धन्यासारखे वागू नये, देशी मंडळीस आपल्या दोरीने नाचवू नये, हे त्यांनी कवितेतून रोखठोक सांगितले. ते ऐकून घेणारे साहेबही होते, हे त्यांच्याही मोठेपणाचे लक्षण होय. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक झाले. हे पत्र १८४२ साली आपल्या नगरातच सुरू झालेले. त्यात त्यांचे अभंग येत व खेडोपाडी वाचले जात. तेच पुढे 'अभंगांजली' ह्या नावाने एकत्र झाले. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' हे प्रभूच्या चरित्राचे महाकाव्य आरंभिले, परंतु ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडिला आणि ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' नावाची एक मंडळी काढिली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे प्रभूचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, असा त्यांचा विचार होता. पुष्कळ पाळकांस तो पटला नाही. मलाही त्यातील सर्व पटते असे नाही. बाप्तिस्म्याची वेस इतकी खाली आणावी काय, हा प्रश्न राहतोच. परंतु त्या दरबारास दोन वर्षेही मिळाली नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली. मुंबईस रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपला देह पुरू नये, ह्या देशाच्या रीतीप्रमाणे त्यास अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पाळण्यात आली. रक्षा नगरास आणिली गेली. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या. लग्नानंतर ज्यांस पतीने अक्षरे शिकविली त्या बाईंनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरे केले.